वेलिगामाच्या लाटा आणि तुमचे प्रश्न

गेल्या अंकात श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या वेलिगामाविषयी आणि तिथल्या सर्फिंगविषयी लिहिलं, तेव्हा वाटलं होतं दोन-चार पत्रं येतील. आली ती गठ्ठ्याने. पोहणाऱ्यांची, न पोहणाऱ्यांची, मुलांच्या हट्टापायी निघालेल्यांची, आणि एक तर सरळ भांडण घेऊनच आलेलं. मी दर हिवाळ्यात तिथे असते, नवशिक्यांबरोबर कमरेएवढ्या पाण्यात उभी असते, तेव्हा तेवढ्या भांडवलावर उत्तरं देते. पत्रं जागेअभावी आखूड केली आहेत.

ताई, माझं वय 47. तरणतलावात दमत दमत एक फेरी मारते. गुडघे कुरकुरतात. मुलगी म्हणते, वेलिगामा नवशिक्यांसाठीच आहे, चल. पण समुद्र तो समुद्रच ना? तिथलीच लाट तेवढी गरीब कशी?
— पाण्याशी जेमतेम ओळख असलेली

तुमचा शेवटचा प्रश्न फार चांगला आहे, म्हणून आधी तोच घेते.

ती लाट निघते तेव्हा मुळीच गरीब नसते. खाली दक्षिण महासागरात वादळं घोंघावत असतात, तिथे तिचा जन्म. तिथून हजारो किलोमीटर ती हिंदी महासागर ओलांडत येते आणि श्रीलंकेच्या दक्षिणेला तिला अडवायला मधे जमीनच नाही. वेलिगामाला मात्र किनारा आत वळलेला आहे, दोन्ही अंगांना जमिनीची टोकं पुढे आलेली. टोकांपाशी पाणी आधी उथळ होतं. उथळ पाण्यात लाटेचा वेग कमी होतो आणि ती तिकडे वळते, त्यामुळे जोर टोकांवर एकवटतो. मधून जी लाट आत शिरते ती कमानीसारखी फाकते, म्हणजे तेवढाच जोर खूप लांब किनाऱ्यावर वाटला जातो. तुमच्यापर्यंत येते ती ही वाटून उरलेली लाट.

पुढचं काम तळ करतो. तळ एकदम चढत असेल तर लाट ताठ उभी राहते आणि धाडकन कोसळते. वेलिगामाचा तळ वाळूचा आणि हळूहळू चढणारा, त्यामुळे लाटेच्या माथ्यावरून फेस नुसता घसरत खाली येतो. शिवाय लाट साधारणपणे स्वतःच्या उंचीच्या सव्वापट खोलीवर फुटते. अडीच फुटांची लाट असेल तर ती तीन-सव्वातीन फूट पाण्यात फुटणार. म्हणजे पडलात तर पाय टेकतात, आणि टेकतात ते वाळूवर, प्रवाळावर नाही. नवशिक्याला याहून जास्त काही लागत नाही.

आता तुमचं. वयाची अडचण नाही, दमत एक फेरी मारण्याची आहे. तिथे पोहता न येणाऱ्यांनाही पाण्यात नेणारे शिक्षक भेटतील. ‘बोर्ड पायाला बांधलेलाच असतो, काळजी कशाला’ असं ते म्हणतात. बोर्डला पायाशी जोडणारी दोरी म्हणजे लीश, आणि तिचा पट्टा नुसता वेल्क्रोने चिकटवलेला असतो. तो सुटतो. बोर्ड लाटेबरोबर किनाऱ्याला जातो आणि तुम्ही मागे राहता. तेव्हा जायच्या आधी दोन-तीन महिने पोहण्याचा सराव करा. वेग नको. न थांबता पन्नास मीटर, पाठीवर निवांत तरंगणं, आणि पाय न टेकता दोन-तीन मिनिटं पाण्यात उभ्याने राहणं. हे जमलं की माझी हरकत नाही.

गुडघ्यांचं म्हणाल तर, बोर्डवर एका उडीत उभं राहायची पद्धत, पॉप-अप, ही विशीतल्यांसाठी आहे. तुम्ही दोन टप्प्यांत उठा. पालथ्या असताना तळवे छातीच्या बरगड्यांशी टेकवा, मागच्या पायाची बोटं बोर्डवर रोवा, ढोपर उचला आणि मग पुढचं पाऊल हातांच्या मधे आणा. एक मात्र करू नका: दोन्ही गुडघ्यांवर बसायचं आणि तिथून उठायचं. शिकवणाऱ्याला ते सोपं वाटतं, पण तुमच्या गुडघ्यांना तेच सर्वांत जड जातं, आणि ती सवय लागली की सुटत नाही. घरी चटईवर रोज दहा वेळा करा. पाण्यात डोकं चालत नाही, सवयच चालते.

डिसेंबर-जानेवारीत विमानाची तिकिटं आणि राहणं दोन्ही महाग. मुलगा म्हणतो जून-जुलैत जाऊ, सगळं निम्म्यात होईल. समुद्र काय बारा महिने आहेच. काय करावं?
— हिशेबी बाप

हिशेब बरोबर आहे, किनारा चुकतोय. वेलिगामाचं तोंड दक्षिणेला. नोव्हेंबर ते एप्रिल या काळात वारा बहुतेक उत्तर-ईशान्येकडून, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जातो. हा वारा लाटेच्या तोंडावर येतो, तिला सावरून धरतो आणि पाणी गुळगुळीत ठेवतो. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारा नेमका उलटा, समुद्राकडून येतो. लाटा मोठ्या होतात आणि विस्कटतात. उपसागराच्या आडोशामुळे वेलिगामात तेव्हाही अधूनमधून बऱ्या सकाळी मिळतात, पण बऱ्या सकाळींच्या भरवशावर कुणी आठवड्याची रजा काढत नाही.

जून-जुलैच धरला असेल तर बेटाची दुसरी बाजू घ्या. पूर्व किनाऱ्यावरच्या अरुगम बे इथे साधारण मे ते सप्टेंबर हाच खरा मोसम. तिथली मुख्य लाट नवशिक्यांची नाही हे मुलाला आत्ताच सांगून ठेवा. शिकणारे ‘बेबी पॉइंट’ला जातात, नाहीतर रिक्षाने जरा लांब ‘व्हिस्की पॉइंट’ किंवा ‘पीनट फार्म’ला. आणि पैसेच वाचवायचे असतील तर मार्चच्या मध्यावर वेलिगामाला जा. नाताळची झुंबड सरलेली असते, वारा अजून फिरलेला नसतो. कोलंबो फोर्टहून मातराकडे जाणारी रेल्वे समुद्राला लागून धावते आणि वेलिगामाला थांबते. टॅक्सीच्या भाड्याच्या एका तुकड्यात काम होतं.

मावशी, मी 26 वर्षांचा. गेल्या मोसमात वेलिगामाला चार दिवस शिकलो, तिसऱ्या दिवशी उभा राहिलो. ते नऊ फुटी स्पंजचं धूड आता नको वाटतं. सहा फुटी बोर्ड विकत घेऊ का? दिसायलाही बरा दिसतो.
— उभा राहिलेला

उभा राहिलास, छान झालं. आता एक सांग, लाट तू पकडलीस की शिक्षकाने मागून ढकललं? पत्रात ते लिहिलेलं नाहीस, त्यावरूनच समजले.

बोर्डची लांबी बघू नकोस, लिटर बघ. बोर्ड किती पाणी बाजूला सारतो ते त्याचं घनफळ. त्यावर तो तुला किती वर उचलून धरेल आणि हातांनी वल्हवताना किती सरसर जाईल हे ठरतं. नऊ फुटी सॉफ्टटॉप, म्हणजे तुझं स्पंजचं धूड, साधारण 70 ते 85 लिटरचा भरतो. सहा फुटी शॉर्टबोर्ड बहुतेक वेळा 25 ते 35 लिटरचा. मोठा माणूस त्यावर पालथा पडला की बोर्ड पाण्याखाली जातो, आणि पाण्याखालचा बोर्ड हळू पुढे सरकतो. वेलिगामाची लाट मंद आणि बसकी. तिला पकडायला आधी तिच्या वेगाच्या जवळपास जावं लागतं. छोटा बोर्ड घेऊन तू दिवसभर वल्हवशील आणि प्रत्येक लाट तुझ्या खालून निघून जाईल. जे सहा फुटी घेऊन पाण्यात उतरतात त्यांना मी तासन् तास बसलेलेच बघते. दिसतात छान.

धूडच ठेव. त्यावर तीन गोष्टी जमव: ढकलल्याशिवाय लाट पकडणं, उभं राहिल्यावर सरळ किनाऱ्याकडे न जाता लाटेच्या अंगाने तिरकं जाणं, आणि ठरवून वळणं, डावीकडे आणि उजवीकडे दोन्ही. त्यानंतर आठ फुटी, मग साडेसात. विकत तर इतक्यात काहीच घेऊ नकोस. किनाऱ्यावर रांगेने बोर्ड भाड्याला लावलेले असतात, रोज वेगळा घेऊन बघ. भाडं श्रीलंकन रुपयांत ठरव, आणि ते तासाचं की दोन तासांचं हे आधी विचार. घेताना बोर्ड उलटा कर. खालची तीन पाती, म्हणजे फिन, हलवून बघ, लीशचा पट्टा ओढून बघ, आणि पृष्ठभागावर भेग असेल तर परत कर. भेगेतून पाणी प्यायलेला बोर्ड ओला गालिचा उचलावा तसा जड होतो.

आणखी एक, हे बोर्डपेक्षा महत्त्वाचं. पालथा पडलास की छाती नेमकी कुठे येते ते शोध. जरा पुढे गेलास तर बोर्डचं टोक पाण्यात घुसणार आणि तू त्याच्यावरून कोलांटी खाणार. जरा मागे राहिलास तर टोक आकाशाकडे आणि बोर्ड ब्रेक लावल्यासारखा. टोक पाण्यावर बोट-दोन बोटं राहिलं पाहिजे. ती जागा एकदा सापडली की बोर्डवरची एखादी खूण, अक्षर किंवा पट्टी, हनुवटीखाली येते का बघ आणि ती लक्षात ठेव. दर वेळी पाण्यात पडून वर चढलास की आधी हनुवटी त्या खुणेवर. निम्मे नवशिके ही खूण न शोधताच ‘माझा तोल जात नाही’ म्हणून रडतात.

तुमचा लेख वाचून गेलो आणि तक्रार करतोय. ‘सुरक्षित उपसागर’ म्हणालात. दुसऱ्या दिवशी मी लाटेवर उभा असताना एक बाई उजवीकडून थेट माझ्यासमोर आली, मी उडी मारली, तिचा बोर्ड माझ्या हनुवटीला लागला, तीन टाके पडले. वर तिचा शिक्षक मलाच बोलला. चूक कुणाची?
— टाके पडलेला

टाके पडले याचं वाईट वाटतं. आणि लेखात समुद्राविषयी जेवढं लिहिलं तेवढं माणसांविषयी लिहायला हवं होतं, हा तुमचा रोख मला मान्य आहे. वेलिगामात जखमा होतात त्या लाटेने कमी आणि बोर्डने जास्त. जानेवारीतल्या सकाळी नऊ वाजता मधल्या भागात पाण्यात इतकी डोकी असतात की दोन लाटांमधून वाट काढणं हेच कौशल्य. सगळे शिकाऊ, सगळ्यांचे बोर्ड नऊ फुटी, आणि निम्म्यांना वळता येत नाही.

चूक कुणाची ते तुमच्या पत्रातून ठरवता येत नाही, कारण नेमकी गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही: लाट फुटायला सुरुवात कुठून झाली? नियम असा आहे की लाट जिथून फुटायला लागते त्या जागेच्या जवळ जो असेल, लाट त्याची. त्याच्या पुढ्यात दुसऱ्याने त्याच लाटेवर उठायचं नाही. लाट तुमच्या डावीकडून फुटत येत असेल आणि तुम्ही त्या बाजूला असाल, तर ती बाई चुकली. फुटणं तिच्या बाजूने सुरू झालं असेल तर लाट तिची, आणि शिक्षकाचं बोलणं बरोबर, जरी टाके पडलेल्या माणसाशी बोलायची ही रीत नव्हे.

वेलिगामात हा नियम सैल पाळतात हेही सांगायला हवं. एकाच मंद लाटेवर पाच-सहा जण हसत येतात, त्याला पार्टी वेव्ह म्हणतात, आणि सगळे सरळ किनाऱ्याकडे जात असतील तर चालूनही जातं. कुणी तिरकं जायला लागला की गोंधळ. म्हणून उठायच्या आधी दोन्हीकडे मान वळवून बघायचं. फक्त पुढे बघणारे धडकतात.

किनाऱ्यावरून आत जाताना काय करायचं, हे तर कुणीच सांगत नाही. लाटेवरून येणारा माणूस तुमच्याकडेच येतोय असं दिसलं की स्वाभाविकपणे आपण त्याच्या पुढून निसटायला बघतो, कारण तिकडे लाट अजून फुटलेली नसते, जाणं सोपं असतं. पण त्यालाही तिकडेच जायचं असतं. तुम्ही फेसाच्या बाजूला जायचं, म्हणजे त्याच्या मागे. फेस अंगावर घ्यायचा, नाकात पाणी जाईल, जाऊ दे. आणि लाट येताना बोर्ड कधीच आपल्या आणि लाटेच्या मधे आडवा धरायचा नाही. शेजारी धरायचा, टोक समुद्राकडे. आडवा धरलात तर फेस तो उचलून तुमच्याच तोंडावर मारतो. मी पाहिलेले फुटलेले ओठ बहुतेक असेच.

तुमच्या बाबतीत उडीचंही बोलू. घाबरून बोर्ड सोडून उडी मारली की तुमचा बोर्ड मोकळा सुटतो, आणि बोर्डची लांबी अधिक लीशची लांबी एवढ्या घेरातल्या कुणालाही तो लागू शकतो. पडायचंच तर बोर्डच्या मागच्या किंवा बाजूच्या अंगाला, पसरून, चटईवर अंग टाकावं तसं. पाण्यात सूर कधीच मारायचा नाही, खोली कंबरभरच असते. आणि पाण्याखालून वर येताना दोन्ही हात डोक्यावर, कोपरं चेहऱ्यासमोर. आधी हात बाहेर, मग डोकं. लीश ताणली गेली की बोर्ड रबरासारखा परत येतो, आणि तो नेमका तुम्ही डोकं वर काढता त्या क्षणी पोचतो. लीश हाताला गुंडाळून बोर्ड ओढत चालणारेही दिसतात. लाटेने झटका दिला की बोटं जातात.

पुढच्या वेळी उजाडताच पाण्यात उतरा, किंवा दहा मिनिटं चालत गर्दीच्या कडेला जा. लाट तिथे जरा हलकी असेल, पण डोकी मोजता येतील एवढी.

टी-शर्ट घालून चालेल का? आणि चष्मा?
— लांबचं न दिसणारा

सुती टी-शर्ट पाणी पितो आणि काखेत-पोटावर घासतो. अंगाला बसणारा लांब बाह्यांचा रॅशगार्ड घ्या. वेलिगामा विषुववृत्तापासून जेमतेम 6 अंशांवर आहे, जानेवारीतही दुपारचं ऊन भाजून काढतं, आणि वल्हवताना पोटऱ्यांच्या मागच्या बाजू कायम वर असतात. तिथे क्रीम लावायला सगळे विसरतात आणि रात्री पालथे झोपतात. चेहऱ्याला झिंक ऑक्साइडचं जाड क्रीम, भुतासारखं दिसलं तरी. चष्मा नको. शिक्षकाला आधीच सांगा की लांबून केलेला हात दिसत नाही, तो ओरडून खुणावेल. पाणी 27 ते 29 अंशांचं असतं, वेटसूटचा खर्च वाचला.

आमचा शिक्षक पाठ समुद्राकडे करून उभा असतो, मधेच मान वळवतो आणि म्हणतो, ‘ही नको, पुढची.’ दर वेळी बरोबर. त्याला कसं कळतं? आम्हाला शिकता येईल का?
— कुतूहल असलेल्या दोघी बहिणी

गठ्ठ्यातलं माझं आवडतं पत्र हे. येईल की, आणि पाण्यात न उतरताही येईल.

दूरच्या वादळातून लाटा एकाच लांबीच्या निघत नाहीत. थोड्या कमी-जास्त लांबीच्या लाटा एकमेकींवर स्वार होऊन येतात. जिथे त्यांचे माथे जुळतात तिथे मोठ्या लाटांचा झुबका होतो, जिथे एकीचा माथा आणि दुसरीचा खळगा येतो तिथे पाणी शांत. म्हणून लाटा झुबक्याने येतात, चार-पाच मोठ्या आणि मग काही मिनिटं नुसती डुलकी. त्या झुबक्याला सेट म्हणतात. तुमचा शिक्षक हा हिशेब सकाळपासून डोक्यात चालवत असतो. सेट आला की पहिली लाट तो बहुतेक सोडतो. पहिल्या लाटेवर सगळेच तुटून पडतात, पाणी ढवळलेलं असतं आणि चुकलात तर मागच्या तीन डोक्यावर.

तुम्ही असं करा. पाण्यात जायच्या आधी किनाऱ्यावर वीस मिनिटं बसा, फोन पिशवीत. आधी क्षितिजाकडे बघा. सेट येताना दूर पाण्यावर एक गडद रेघ दिसते, बाकी पाण्यापेक्षा सावळी, कारण लाटेची आपल्याकडची बाजू आकाश कमी परावर्तित करते. ती रेघ दिसल्यापासून लाट फुटेपर्यंत किती वेळ जातो ते मोजा. दोन लाटांमध्ये किती सेकंद जातात तेही मोजा. दहा-बारा सेकंद असतील तर लाट लांबून आलेली, शिस्तीची. पाच-सहा सेकंद असतील तर ती जवळच्या वाऱ्याने उठवलेली, तिचा नेम नाही. मग एक लाट निवडा आणि तिचा माथा बघा. माथ्याची रेघ आडवी सपाट असेल तर ती सगळीकडे एकदम कोसळणार, तिच्यावर जाण्यात मजा नाही. रेघ एका बाजूला उंच आणि दुसऱ्या बाजूला उतरती असेल तर उंच टोकाला ती आधी फुटेल आणि फेस उताराच्या दिशेने सरकत जाईल. तुम्हाला जायचं आहे त्या उताराकडे. शिक्षक मान वळवून एवढंच बघतो, रेघ सपाट की तिरकी.

भरती-ओहोटीचा बाऊ करू नका. कोकणची सवय असलेल्यांना वाटतं, ओहोटीला समुद्र मैलभर आत जाईल. श्रीलंकेच्या दक्षिणेला भरती-ओहोटीतला फरक पाऊण मीटरच्या आतच असतो. वाऱ्याकडे मात्र लक्ष द्या. शाळेत शिकलेले मतलई वारे आणि खारे वारे तिथे रोज भेटतात. पहाटे जमीन थंड, वारा जमिनीवरून, पाणी तुळतुळीत. अकराच्या सुमारास जमीन तापते, खारा वारा सुटतो आणि पाण्यावर बारीक सुरकुत्या पडतात. सुरकुत्या दिसल्या की बोर्ड परत करून जेवायला जा.

मी सर्फिंग करणार नाही, बायको करणार. मी आठवडाभर काय करू?
— सामान राखणारा

उपसागरातच किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर तॅप्रोबेन नावाचं इवलंसं बेट आहे, त्यावर 1920च्या दशकात द मोनी नावाच्या काउंटने बांधलेला बंगला. बेट खासगी आहे, लांबूनच बघा. रेल्वेने गॉलचा किल्ला एका दिवसात होतो. कोग्गलाच्या बाजूला पाण्यात काठ्या रोवून त्यावर बसलेले मासेमार दिसतील. त्यातले बरेच आता फोटोसाठी बसतात आणि पैसे मागतात, ते आधी ठरवा. आणि रोज सकाळी तासभर बायकोचे व्हिडिओ काढा, किनाऱ्यावरून, तिपाईवर. आपण किती वाकलो आहोत हे सर्फरला पाण्यात कळत नाही, स्क्रीनवर लगेच कळतं. तुमच्याइतका उपयोगी माणूस त्या किनाऱ्यावर दुसरा नसेल.

शार्क?
— एक शब्दाचं पत्र, सही नाही

विसरा. जेलीफिश लक्षात ठेवा. चटका बसला तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, चोळू नका, काही धागे चिकटले असतील तर चिमट्याने काढा, मग सोसवेल एवढ्या गरम पाण्यात वीस मिनिटं धरा. श्वासाला त्रास झाला तर सरळ दवाखाना. आणि मोठा पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस नदीच्या मुखापासून लांब राहा. गावाची सगळी घाण तिथून उपसागरात येते.

मावशी, मी 19 वर्षांची, पोहण्यात राज्यस्तरापर्यंत गेले आहे. वेलिगामाला आठवडा झाला, कंटाळा आला. मिदिगामा रिक्षाने जवळच आहे, तिथल्या लाटा मस्त दिसतात. शिक्षक ‘अजून नाही’ म्हणतो. तो गिऱ्हाईक सोडायला तयार नाही म्हणून का?
— घाई झालेली

अगं, गिऱ्हाईक त्याला रोज नवं मिळतं, तुझ्यावाचून त्याचं अडत नाही.

मिदिगामाला तळ खडक-प्रवाळाचा आहे. त्याचे दोन परिणाम. एक चांगला: तळ हलत नाही म्हणून लाट रोज त्याच जागी फुटते, वेलिगामासारखी इकडेतिकडे सरकत नाही. दुसरा असा की पडल्यावर पाय टेकायचा नसतो. टेकलास तर समुद्री साळूचे काटे तळव्यात मोडतात आणि ते काढायला तुझी सुट्टी जाते. पोहण्याच्या पदकाचा इथे उपयोग कमी. पाण्यात राहणं तुला येतंच. प्रश्न बोर्डवर ताबा असण्याचा आहे, आणि तिथे पाण्यात असलेल्या लोकांना लाटेचे नियम तोंडपाठ असतात, सैल चालत नाही.

शिक्षकाला ‘कधी’ विचारू नकोस, ‘काय जमायला हवं’ विचार. माझी यादी मी सांगते. न ढकलता दहा लाटांपैकी सहा-सात पकडता येणं. दोन्ही बाजूंना तिरकं जाता येणं. कुणी समोर आलं तर लाट सोडून मागच्या बाजूने बाहेर पडता येणं, उडी न मारता. बोर्ड हातातून न सोडता फेसातून आत जाता येणं; लांब सॉफ्टटॉप पाण्याखाली दाबता येत नाही, तेव्हा फेस आला की बोर्डसकट उलटं व्हायचं, तो वरून जाऊ द्यायचा आणि परत सरळ व्हायचं. हे चारही जमलं की शिक्षकालाच घेऊन जा, मध्यम भरतीला, लहान स्वेल, म्हणजे दुरून येणाऱ्या लाटा लहान, असतील त्या दिवशी. ‘लेझी लेफ्ट’ आणि ‘लेझी राइट’ नावाच्या लाटा तिथे आहेत, सुरुवात त्यांपैकी एकीवर कर. ‘राम्स’च्या वाटेला जाऊ नकोस, ती जाणत्यांची. पायात रीफ बूट, म्हणजे खडक-प्रवाळावर घालायचे बूट, घाल. पडलीस तर पसरून सपाट पड आणि उभी न राहता वल्हवतच बाहेर ये.